किल्ली कोणाच्या कमरेला?

जुना टॅब मरतो म्हणजे नेमकं काय होतं?

काच शाबूत असते. बॅटरी तास-दोन तास तग धरते. बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह उजळतं, थोड्या वेळाने ॲप्सच्या रांगाही दिसतात. आणि तरी काही चालत नाही. अँड्रॉइड ५.०च्या खालची आवृत्ती असेल तर व्हॉट्सॲप सरळ नकार देतं. दुसरं एखादं ॲप अपडेट मागतं आणि प्ले स्टोअर सांगतं की तुमच्या टॅबसाठी नवी आवृत्तीच नाही. वेबसाइट उघडायला जावं तर सुरक्षेचा इशारा आडवा येतो.

हा शेवटचा प्रकार जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे. एखादी साइट खरी की बनावट हे ब्राउझर तिच्या प्रमाणपत्रावरून ठरवतो. कोणाच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा, याची एक यादी टॅबच्या पोटात कारखान्यातूनच आलेली असते. असंख्य साइट्सना फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१च्या आधीच्या याद्यांमध्ये नाही. काही वर्षं एका जुन्या प्रमाणपत्राच्या टेकूवर भागलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तो टेकूही निघाला. म्हणजे टॅब बिघडला नाही, फक्त त्याच्या ओळखीची माणसं संपली. गावी एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं होतं तसं.

हा टॅब पुन्हा जगात आणता येतो. त्यासाठी त्याचं कुलूप उघडावं लागतं. आणि तिथेच प्रश्न सुरू होतो: विकत घेतलेल्या वस्तूचं कुलूप उघडायला परवानगी कोणाची लागते? ते कुलूप मुळात कोणाच्या भल्यासाठी होतं?

देवडीवरचा पहारेकरी

टॅब सुरू होताना सगळ्यात आधी जागा होतो तो बूटलोडर. वाड्याच्या देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखं त्याचं काम. आत येऊ पाहणाऱ्या सॉफ्टवेअरवर कंपनीची सही आहे का ते बघायचं; असेल तर सोडायचं, नसेल तर दारातच अडवायचं. कुलूप उघडणं म्हणजे या पहारेकऱ्याला सांगणं की यापुढे सही तपासू नकोस, मालक मी आहे.

करायची पद्धत तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘ओईएम अनलॉकिंग’ सुरू करायचं, टॅब संगणकाला जोडायचा, फास्टबूटची आज्ञा द्यायची. मग नवी रिकव्हरी, तिच्यातून नवं रॉम. बाजारात याला ‘सॉफ्टवेअर मारणं’ म्हणतात. सगळं जमलं तर दहा वर्षांचा टॅब पुन्हा कामाला लागतो. चुकलं तर त्याची वीट होते.

हा काही चार-दोन हौशी लोकांचा खेळ नाही. २००९ मध्ये सुरू झालेला सायनोजेनमॉड आणि तो २०१६च्या डिसेंबरात बंद पडल्यावर त्याच्या राखेतून उभा राहिलेला लिनिएजओएस, दोन्हींच्या मागे जगभरच्या स्वयंसेवकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. २०१३चा नेक्सस ७ हा टॅब घ्या. त्याला अधिकृतपणे मिळालेलं शेवटचं मोठं अपडेट अँड्रॉइड ६ होतं. स्वयंसेवकांनी त्याला अँड्रॉइड ११ पर्यंत चालवत नेलं. कंपनीच्या लेखी जो टॅब संपला होता तो पुढे कित्येक वर्षं चालला. त्यात यंत्राचा एकही भाग बदलला नव्हता.

म्हणजे पहिल्या वेळी त्याला संपवलं ते यंत्राने नाही, निर्णयाने.

पाककृती दिली, चुलीला कुलूप

यावर कंपनीची बाजू काहीच नाही असं समजू नका. सही तपासणारा पहारेकरी नसेल तर चोरलेल्या टॅबवर कोणीही हवं ते चढवेल. दुरुस्तीला दिलेल्या टॅबमध्ये हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर लपवून परत देता येईल, मालकाला पत्ताही लागणार नाही. म्हणूनच कुलूप उघडताना टॅबमधला सगळा डेटा पुसला जातो. ती शिक्षा नाही, ती जुन्या मालकाची राखण आहे. उघड्या बूटलोडरच्या टॅबवर बँकांची काही ॲप्स चालत नाहीत, त्यामागेही हीच भीती आहे.

पण राखणीच्या नावाखाली दुसरंही काही चालतं. सॅमसंगच्या अनेक टॅबमध्ये परकं सॉफ्टवेअर चढलं की ‘नॉक्स’ची खूण कायमची बदलते, मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी ती पुसली जात नाही. हुआवे ही कंपनी पूर्वी मागणाऱ्याला अनलॉक कोड देत असे. २०१८ मध्ये तिने ते थांबवलं. ज्यांनी कोड मिळेल या भरवशावर फोन घेतला होता, त्यांच्या वस्तूत काहीच बदललं नाही. बदललं ते किल्ली असलेल्याचं मन.

हा वाद जुना आहे. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेला लिनक्स कर्नल १९९१च्या जीपीएल परवान्याखाली येतो: जो हे सॉफ्टवेअर घालून वस्तू विकेल त्याने मूळ कोडही द्यायला हवा. पुढे टिव्हो नावाच्या, टीव्हीचे कार्यक्रम साठवणाऱ्या यंत्राने एक पळवाट काढली. कोड दिला, पण तो बदलून पुन्हा त्याच यंत्रात घातला तर यंत्र तो चालवेना. पाककृती दिली आणि चुलीला कुलूप घातलं. रिचर्ड स्टॉलमन यांनी २००७च्या तिसऱ्या परवान्यात ही वाट बंद केली. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी मात्र तो परवाना स्वीकारला नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माझ्या कोडमधल्या सुधारणा मला परत मिळाव्यात एवढंच मी मागतो. यंत्र कसं बनवावं हे बनवणाऱ्याने ठरवावं.

दोघेही सॉफ्टवेअर मोकळं असावं याच मताचे. तरी मोकळीक कुठे संपते यावर त्यांचं जमलं नाही. एकाने विचार केला लिहिणाऱ्याचा, दुसऱ्याने वापरणाऱ्याचा. टॅब हातात असलेला माणूस कोड लिहीत नाही. त्याला फक्त चूल पेटवायची असते.

तलासरीतलं कुलूप

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सगळी कुलपं तोडा. जो डहाणू-तलासरी ओळखतो तो असं म्हणणार नाही.

या भागात जमिनीला कुलूप आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ, १९७४च्या दुरुस्तीने आलेलं, सांगतं की आदिवासीची जमीन शासनाच्या मान्यतेशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा वारसाने मुलांकडे जातो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. सातबाऱ्यावर नाव तुमचं, नांगर तुमचा, पण विकायची किल्ली तुमच्याकडे नाही. मालकी अर्धवट ठेवणारं, कागदावर पाहिलं तर टॅबच्या बूटलोडरसारखंच हे कुलूप.

तरी ते का आहे हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेची परिषद भरली आणि वारल्यांनी वेठबिगारीला नकार दिला. त्याआधीच्या काळात सावकाराच्या वहीवर उठलेल्या अंगठ्यांनी किती जमीन गेली, त्याचा इतिहास गोदावरी परुळेकरांनी लिहून ठेवला आहे. विकण्याचं स्वातंत्र्य तेव्हा होतं. ते वापरलं गेलं ते दुबळ्याच्या हाताने, बलवानाच्या मर्जीने.

डहाणू तालुक्यावर आणखी एक कुलूप आहे. २० जून १९९१च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांवर मर्यादा घातल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं, म्हणजे किल्ली एका प्राधिकरणाच्या हाती आली. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नाही म्हटलं आणि ३१ जुलै २०२३ रोजी हो म्हटलं. कोणता निर्णय बरोबर यावर किनाऱ्यावरच्या गावांत आजही वाद आहे. पण किल्ली कोणाकडे आहे हे लोकांना माहीत होतं. तिथे जाऊन हरकत घेता आली, बाजू मांडता आली, निकाल कारणांसह कागदावर आला.

तेव्हा प्रश्न कुलूप असावं की नसावं हा नाही. वाईट कुलूप ओळखायचं कसं, हा आहे. मला तीन कसोट्या सुचतात. एक, कुलूप कोणाला कोणापासून वाचवतं? ३६-अ शेतकऱ्याला सावकारापासून वाचवतं. दोन, किल्ली धरणाऱ्याला जाब विचारता येतो का? आणि तीन, ज्या कारणासाठी कुलूप घातलं ते कारण अजून शिल्लक आहे का?

राखण थांबली की

आता या कसोट्या टॅबला लावू.

टॅब नवा असतो तेव्हा कुलपाचं कारण खरं असतं. कंपनी ठरावीक काळाने सुरक्षेची अपडेट्स पाठवते, सापडलेली भोकं बुजवते. पहारेकऱ्याला पगार मिळतो आणि तो पहारा देतो. पण दोन, तीन, फार तर काही वर्षांनी अपडेट्स थांबतात. नवी भोकं सापडत राहतात, बुजवणारं कोणी नसतं. आता कुलूप मालकाला कोणापासूनही वाचवत नाही. उलट ज्याला ती भोकं बुजवायची आहेत त्यालाच ते दाराबाहेर ठेवतं. पहारा उठला, दाराला कुलूप तेवढं राहिलं. पहिली आणि तिसरी कसोटी इथे संपली. दुसरी तर आधीपासूनच नापास होती. टॅबच्या किल्लीसाठी सुनावणी कुठे होते?

गांधीजींनी संपत्तीबद्दल विश्वस्ताची कल्पना मांडली: जे आपल्या हाती आहे ते दुसऱ्याच्या वतीने सांभाळायचं. किल्लीला ही कल्पना फार चांगली लागू पडते. कंपनी टॅबच्या किल्लीची मालक नाही, विश्वस्त आहे. आणि विश्वस्ताने राखण सोडली की त्याचा किल्लीवरचा हक्कही सुटतो. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या दिवशी शेवटचं अपडेट येतं, त्या दिवशी किल्ली वस्तूच्या मालकाकडे यायला हवी. मागावी लागू नये. जुन्या घरांत कोठीच्या किल्ल्या सासूच्या कमरेला असत. कोठी सांभाळणं जमेनासं झाल्यावरही जुडगा न सोडणारी सासू सगळ्यांनी पाहिली आहे. तिची बाजू घेणारं मात्र कोणी पाहिलेलं नाही.

चोरांचं काय? चोराला अडवायला मालकी सिद्ध करायची अट ठेवता येते, डेटा पुसला जातोच. चोर आहेत म्हणून मालकालाही किल्ली नाही, हे उत्तर होत नाही.

कायदा या दिशेने हळूहळू सरकतो आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये स्मार्टफोनचं कुलूप उघडायला सूट होती आणि टॅबला नव्हती, कारण ‘टॅबलेट’ म्हणजे नेमकं काय हेच ठरत नव्हतं. टॅबला ती २०१५ मध्ये मिळाली. युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे की त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट्स द्यायची. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं २०१२ मध्ये आलेलं कलम ६५-अ कुलूप तोडणं गुन्हा ठरवतं, पण ते हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. आपला टॅब जिवंत करणं हा तो हेतू नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू केलं. त्यावर माहिती मिळते. बूटलोडरची किल्ली मिळत नाही.

किल्ली आधीच मोकळी असेल तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात घडलं. ५ ऑक्टोबर २०११ रोजी सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅब आणला, किंमत सुमारे २,२५० रुपये. पहिला आकाश फार मंद होता, त्याची चेष्टाही खूप झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या आकाश-२ची चिप मात्र अशी होती की सुरू होताना ती आधी मेमरी कार्डात डोकावायची. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या गटाने याचा फायदा घेऊन त्यावर कार्डावरून लिनक्स चालवलं. अँड्रॉइडवर पाहण्याचं यंत्र असलेला टॅब लिनक्समध्ये प्रोग्रॅम लिहिण्याचं यंत्र झाला. कार्ड काढलं की पुन्हा जसाच्या तसा. आकाशची गणना फसलेल्या योजनांत होते आणि ती चूक नाही. पण दार आतून उघडं ठेवलं तर स्वस्त वस्तूलाही दुसरा जन्म मिळू शकतो, हे त्या फसलेल्या योजनेने दाखवलं.

दुसऱ्याच्या हातात देताना

स्वतःच्या टॅबपुरता प्रश्न इथे सुटतो. दुसऱ्याचा टॅब आला की तो पुन्हा उभा राहतो.

समजा, तलासरीच्या एखाद्या शाळेच्या कपाटात देणगीतले दहा टॅब पडून आहेत. मारा सॉफ्टवेअर, द्या मुलांना, असं आपण सहज म्हणतो. पण ते टॅब शिक्षकांचे नाहीत. शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत त्यांची नोंद आहे, आणि रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय त्यांना निकामी म्हणता येत नाही. एखाद्याची वीट झाली तर उत्तर शिक्षकांना द्यावं लागेल. न वापरता पडून राहिला तर कोणी विचारणार नाही. वस्तू वाया घालवणाऱ्याला निर्धास्त ठेवणारी आणि वाचवू पाहणाऱ्याला घाबरवणारी ही व्यवस्था म्हणजे दुसरं कुलूप. ते फास्टबूटने उघडत नाही.

आणि उघडलंच, तर किल्ली आता तुमच्या कमरेला आली. लिनिएजओएसचा त्या मॉडेलचा सांभाळ करणारा माणूस उद्या नोकरी बदलेल आणि अपडेट्स थांबतील. पाड्यावरच्या सातवीतल्या मुलीला ते कोण सांगणार? कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवरून उतरवलेल्या रॉममध्ये कोणी काय भरलं आहे, हे तपासायची जबाबदारी कोणाची? फुगलेली बॅटरी कोणत्याही रॉमने बरी होत नाही. ती बदलायचे पैसे कोण देणार? कंपनीने राखण सोडली म्हणून आपण तिला दोष दिला. एका शनिवारी दहा टॅबना सॉफ्टवेअर मारून, फोटो काढून, परत न फिरकणारा माणूस वेगळं काय करतो?

वारली घराच्या भिंती कुडाच्या असतात, माती-शेणाने लिंपलेल्या. त्या एकदा लिंपून भागत नाही. पावसाळा गेला की पुन्हा लिंपायच्या, लग्न निघालं की पुन्हा गेरूने सारवायच्या आणि तांदळाच्या पिठाने चौक काढायचा. घर आपलं असण्याचा अर्थ तिथे दरवर्षी हाताला माती लागते असा आहे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस ठेवलं होतं. त्यातल्या अटी आज वाचाव्यात: किंमत दीडशे रुपयांच्या आत, वीस वर्षं चालला पाहिजे, आणि वर्षाच्या देखभालीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. देखभाल होणारच हे धरून, ती वापरणाऱ्याच्या आवाक्यात ठेवण्याची ती मागणी होती.

एक आक्षेप अजून उरतो, आणि तो सगळ्यात टोकदार आहे. शहरातल्या मुलांना नवे टॅब आणि आदिवासी मुलांना दुरुस्त केलेले जुने, हा कुठला न्याय?

याचं अर्धं उत्तर डहाणू तालुक्यातच सापडतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची साधनं महाग आणि परकी होती. त्यांनी तीच तत्त्वं बिया, शंख-शिंपले, पानं, माती, बांबू यांच्यात उतरवली. मुलं शाळेत येईनात तर शाळा पाड्याच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर चालतो, तो इथल्या अंगणातून गेला. ते साहित्य स्वस्त होतं, पण दुय्यम नव्हतं, कारण मोडलं तर मुलांना आणि बाईंना ते तिथल्या तिथे पुन्हा करता येत होतं. जुन्या टॅबचा मान त्याच्या वयावर ठरत नाही. तो उघडून बसवायला पाड्यावरचं कोणी शिकलं आहे का, यावर ठरतो. शिकलं असेल तर ती कोसबाडची परंपरा. नसेल तर शहराने आपला कचरा पुण्य म्हणून पोचता केला.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग आपल्याला द्यावा लागेल. दुरुस्त केलेला टॅब हा सरकारच्या जबाबदारीचा पर्याय नाही. पाड्यावर रेंज नाही, शिक्षक पुरेसे नाहीत, वीज जाते, यातलं काहीही रॉम बदलून बदलत नाही. दहा टॅब चालू केल्याचा आनंद खरा असतो. त्या आनंदात ही मागणी विसरली जाणार असेल, तर टॅब बंद होते तेच बरं होतं, कारण तेव्हा निदान उणीव डोळ्यांना दिसत होती.

तर तुमच्या खणातला टॅब जरूर उघडा. तो तुमचा आहे, आणि ज्याने राखण सोडली त्याची परवानगी घ्यायचं कारण नाही. दुसऱ्याला देणार असाल तर आधी त्याच्याशेजारी बसा, कुलूप कसं उघडलं ते त्याच्याच हातांनी करवून घ्या, वीट कशी होते तेही दाखवा. पुढच्या वर्षी अपडेट थांबलं तर त्याला तुमची वाट बघावी लागू नये. तेव्हा किल्ली खरोखर त्याच्या कमरेला गेली असं म्हणता येईल.